दादासाहेब खापर्डे : इंग्रजीतून लढलेले अमरावतीचे वकील



टिळकांचा पाठ आपण दरवर्षी शिकवतो. पण टिळकांसाठी साता समुद्रापार गेलेला आपला वऱ्हाडी माणूस मुलांना माहीत असतो का? आज त्यांचीच ओळख करून घेऊया.

गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५४ रोजी वऱ्हाडात झाला. संस्कृत आणि इंग्रजी साहित्याचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. १८८४ साली ते वकिलीची परीक्षा पास झाले. काही वर्षं सरकारी नोकरी केली, मग ती सोडून अमरावतीत वकिली सुरू केली. पैसा भरपूर मिळाला आणि थाटही तसाच होता, म्हणून लोक त्यांना वऱ्हाडचे नवाब म्हणत. भाषण करायला उभे राहिले की सभा हसायची, आणि हसता हसता सरकारला टोलाही बसायचा. रोजची डायरी मात्र ते इंग्रजीत लिहायचे.

१८९७ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीत भरलं. स्वागत समितीचे अध्यक्ष दादासाहेबच होते. त्या वेळी टिळक राजद्रोहाच्या शिक्षेमुळे तुरुंगात होते.

आता १९०८ साल बघा. त्या वर्षी अकोल्यात शिवजयंतीच्या सभेला टिळक आले होते, ही आठवण वऱ्हाडात आजही सांगतात. पुढे जूनमध्ये त्यांना मुंबईत अटक झाली. कारण काय, तर केसरीतले लेख. लेख मराठीत आणि खटला इंग्रजीत! नऊ पंचांपैकी सात युरोपियन आणि दोन पारशी होते. त्यांच्यासमोर लेखांचं सरकारी भाषांतर ठेवलं गेलं. टिळकांनी स्वतःच बाजू मांडली आणि भाषांतरात शब्दांचा अर्थ कसा बदललाय ते एकेक करून दाखवलं. तरी सात विरुद्ध दोन असा निकाल लागला. २२ जुलैला सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले. या घटनेचे पडसाद थेट रशियन भाषेत उमटले. लेनिनने ऑगस्ट १९०८ मध्ये प्रोलेतारी या रशियन पत्रात लेख लिहिला, त्यात टिळकांच्या शिक्षेचा आणि संपाचा उल्लेख करून इंग्रज सरकारवर कडक टीका केली. म्हणजे मराठीतल्या टीकेवर इंग्रजीत खटला चालला आणि त्या निकालावरची टीका रशियनमध्ये छापून आली.

दादासाहेब तेव्हा चालती वकिली सोडून इंग्लंडला गेले. प्रिव्ही कौन्सिलकडे अपील करायचं होतं. अपिलाला यश आलं नाही, तरी १९१० पर्यंत ते तिकडे राहून खटपट करत राहिले. इंग्रजांच्या कोर्टाचं चुकलं हे इंग्रजांच्याच राजधानीत, त्यांच्याच भाषेत सांगायचं काम होतं ते. पुढे १९१९ सालीही होमरूलच्या शिष्टमंडळातून ते विलायतेला गेले. १ जुलै १९३८ रोजी त्यांचं निधन झालं.

मित्रांनो, हे मुलांना का सांगायचं? टीका दुसऱ्या भाषेत नेताना शब्दासोबत सूरही न्यावा लागतो. आपल्याकडे एक पोरगा दुसऱ्याला सहज म्हणतो, काऊन बे, अभ्यास नाई केला का तूनं? यात राग नसतो, आपुलकी असते. पण हेच वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत केलं तर ते दरडावल्यासारखं वाटेल. वर्गातली गोष्ट असेल तर फार तर गैरसमज होतो. टिळकांच्या बाबतीत प्रश्न सहा वर्षांच्या तुरुंगवासाचा होता.

म्हणून पाचवीच्या पुढच्या वर्गात हा उपक्रम जरूर घ्या. तक्रारीचं एक साधं वाक्य द्या. मुलांना ते आधी घरच्या वऱ्हाडीत, मग प्रमाण मराठीत आणि शेवटी इंग्रजीत लिहू द्या. प्रत्येक वेळी विचारा, ऐकणाऱ्याला हे कसं वाटेल? पालकांनीही घरी करून बघावं. मुलांनी काय काय लिहिलं ते नक्की कळवा.