वेगाच्या व्यापाऱ्याची दुसरी देणगी

अपघातात चेपलेल्या मोटारीचा पत्रा फाकवून आतील माणसास सोडविणारा हायड्रॉलिक जबडा आज अनेक देशांतील अग्निशामक दलांपाशी असतो. तो ज्याच्या नावाने प्रथम प्रसिद्धीस आला तो अमेरिकन कारखानदार जॉर्ज हर्स्ट मुळात वेगाचा व्यापारी होता, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

पेनसिल्व्हेनियात मोटारदुरुस्तीच्या धंद्यातून पुढे आलेल्या हर्स्टने १९५०च्या दशकाच्या अखेरीस बिल कॅम्पबेल यांच्या भागीदारीत कारखाना काढला. त्याचे नाव झाले ते गिअर बदलण्याच्या दांड्यामुळे. ड्रॅग शर्यतीत दोन मोटारी पाव मैलाच्या सरळ पट्ट्यावर शेजारी-शेजारी सुटतात. तेथे गिअर क्षणभर अडकला तरी शर्यत हातची जाते. हर्स्टचा दांडा दगा देत नाही, अशी ख्याती झाली. १९६४ साली पाँटिअ‍ॅकच्या जीटीओ मोटारीत तो कारखान्यातच बसविला जाऊ लागला.

त्याच्या उद्योगाचे टोक १९६८ साली दिसले. डॉज डार्ट ही वस्तुतः कारकुनानेही हप्त्यांवर घ्यावी अशी आटोपशीर गाडी. क्रायस्लर कंपनीच्या सांगण्यावरून हर्स्टच्या माणसांनी तिच्यात आणि प्लिमथ बॅराकुडात ४२६ घनइंचांचे, म्हणजे सुमारे सात लिटरचे, ‘हेमी’ इंजिन कोंबले. वजन घटविण्यासाठी मागील आसन काढले, पुढील पत्र्याच्या जागी फायबरग्लास आले, दारांचा पत्रा आम्लात बुडवून पातळ केला आणि खिडक्यांच्या काचा पट्ट्याने ओढून वर घेण्याची सोय केली. अशा सुमारे दीडशे गाड्या निघाल्या. ही गाडी सार्वजनिक रस्त्यासाठी नाही व तिची हमी नाही, अशी चिठ्ठी तिच्यावर असे. चिठ्ठी प्रामाणिक होती खरी. परंतु तोच गिअरचा दांडा गल्लोगल्लीचे तरुणही विकत घेत होते, आणि त्यांच्यासाठी कोणी चिठ्ठी लावीत नव्हते. हर्स्टच्या पदरी हा दोष घालावाच लागेल.

तथापि शर्यतीच्या मैदानावर हर्स्टने आणखीही काही पाहिले. मोडलेल्या गाडीत चालक अडकला की पहारी आणि करवती चालवीत बसावे लागे. त्यात मोलाचा वेळ जाई, शिवाय ठिणगी उडून सांडलेले पेट्रोल पेटण्याची धास्ती. यावर उपाय म्हणून त्याच्या कारखान्यातून ते अवजार निघाले. तेलाच्या दाबाने त्याचे दोन बाहू सावकाश फाकत आणि दार उखडून निघे. प्रारंभी ते शर्यतवाल्यांसाठीच होते. रस्त्यावरील सामान्य प्रवाशापर्यंत ते १९७०च्या दशकात पोहोचले. कारखाना मात्र १९७० सालीच सनबीम कंपनीकडे गेला होता.

हर्स्ट १९८६ साली वारला. त्या दीडशे गाड्यांपैकी उरलेल्यांना संग्राहक आज प्रचंड किंमत मोजतात; जबडा मात्र अपघाताची वर्दी येईपर्यंत अग्निशामक गाडीच्या कप्प्यात पडून असतो.