गायीच्या अंडाशयात ज्याचं नाव कोरलं गेलं, तो ३२व्या वर्षीच गेला

गाय माजावर आली की डॉक्टर हात घालून तपासतात आणि सांगतात, फॉलिकल तयार आहे, आज भरवून घ्या. हा फॉलिकल म्हणजे अंडाशयावरचा पाण्याने भरलेला फोड. बीजांड त्याच्याच आत वाढतं. पूर्ण वाढलेल्या फोडाला पुस्तकात ग्राफियन फॉलिकल म्हणतात. हा ग्राफ कोण?

रेनिअर डी ग्राफ. जन्म ३० जुलै १६४१, नेदरलँड्समधल्या स्कूनहोव्हन गावात. डॉक्टरकी शिकायला तो लायडनला गेला. तिथे यान स्वामरडॅम आणि निकोलस स्टेनो हे त्याच्यासोबत शिकत होते. पुढे हेच दोघं त्याच्या गोष्टीत परत येणार होते.

गडी हुशार होता. विद्यार्थी असतानाच त्याने जिवंत कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नळीत बारीक नळी बसवून पाचक रस गोळा केला. १६६५ मध्ये फ्रान्समधून डॉक्टर होऊन आला आणि डेल्फ्ट शहरात दवाखाना थाटला. पण तो कॅथलिक होता आणि देशात प्रोटेस्टंटांचा वरचष्मा. विद्यापीठातली नोकरी काही मिळाली नाही. मग संशोधन दवाखाना सांभाळूनच चाललं.

तेव्हा समज असा होता की पिल्लू घडतं ते नराच्या बीजातून. मादीच्या अंडाशयाला तर मादीचं वृषणच म्हणायचे. ग्राफने सशाच्या माद्या घेतल्या. नर दाखवल्यावर ठरावीक तासांनी, ठरावीक दिवसांनी एकेक मादी चिरून बघितली. अंडाशयावर फुटलेले फोड मोजले, गर्भाशयातली पिल्लं मोजली. दोन्ही आकडे जुळत होते. तिसऱ्या दिवशी तर नळीत इवले इवले गोळे सापडले. गायी-मेंढ्यांची अंडाशयंही त्याने तपासली आणि चित्रं काढली.

१६७२ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं होतं, मादीतही अंडं असतं आणि पिल्लू त्यातूनच घडतं.

पण एक गोम होती. नळीतले गोळे फोडापेक्षा कितीतरी लहान होते. फोडाचं आवरण मागे राहत असावं, असा अंदाज त्याने बांधला. फोडाच्या आत दडलेलं खरं बीजांड मात्र त्याला दिसलं नाही.

पुस्तक आलं आणि भांडण पेटलं. हा शोध आमचा, असं म्हणत जुना सोबती स्वामरडॅमच उभा राहिला. दोघांनी लंडनच्या रॉयल सोसायटीकडे दाद मागितली. पहिलेपणाचा मान मिळाला तिसऱ्यालाच, म्हणजे स्टेनोला.

ग्राफच्या घरीही दुःख होतं. नुकतं जन्मलेलं मूल महिनाभरातच गेलं. अशातही एप्रिल १६७३ मध्ये त्याने रॉयल सोसायटीला पत्र लिहून डेल्फ्टमधल्या एका कापड व्यापाऱ्याची शिफारस केली. हा माणूस फार भारी सूक्ष्मदर्शक बनवतो, असं कळवलं. तो व्यापारी म्हणजे लेवेनहूक. गंमत बघा, याच लेवेनहूकने पुढे शुक्राणू पाहिले आणि ग्राफच्या अंड्याच्या म्हणण्याला विरोध केला.

१७ ऑगस्ट १६७३ रोजी ग्राफ गेला. वय अवघं ३२. फोडातलं खरं बीजांड कार्ल फॉन बेअरने कुत्रीत शोधलं, ते १८२७ मध्ये. मधे १५४ वर्षं गेली.

मग ग्राफ चुकला का? फोड म्हणजे अंडं नव्हे, हे खरं. पण त्याने ज्याच्यावर बोट ठेवलं तो फोड बीजांडाचं घर आहे. त्यातलं पाणी रक्तातून झिरपून येतं. म्हणजे रक्तात जे असेल, त्यातलं बरंच काही बीजांडापर्यंत पोहोचतं.

होल्स्टीन गाय व्यायली की दूध धो धो देते, पण त्या मानाने खाऊ शकत नाही. मग अंगावरची चरबी वितळून रक्तात उतरते. हीच स्निग्धाम्लं फॉलिकलच्या पाण्यात जातात. प्रयोगशाळेत अशा पाण्यासारख्या द्रवात बीजांडं वाढवली, तर त्यांचे गर्भ कमी होतात. गाय वारंवार उलटण्यामागे हे एक कारण असू शकतं.

जातीप्रमाणेही फरक पडतो. जर्सीच्या गर्भात चरबी जास्त, म्हणून तो गोठवला तर होल्स्टीनच्या गर्भाइतका टिकत नाही. वशिंडाच्या गायींमध्ये, म्हणजे आपल्या गीरसारख्यांमध्ये, एका वेळी जास्त फॉलिकल वाढतात. त्यामुळे टेस्ट ट्यूब वासरांसाठी त्यांच्याकडून बीजांडंही जास्त मिळतात.

म्हणून गाय व्यायल्यावर ती फार खंगू नये, याकडे लक्ष द्यायचं. पुढचं वासरू ज्या बीजांडातून होणार, ते त्याच दिवसांत ग्राफच्या फोडात वाढत असतं.