लुई ग्रॉसमन
लुई ग्रॉसमन (इ.स. १९०१ – इ.स. १९८८) हे अमेरिकन दंतवैद्य, प्राध्यापक व लेखक होते. दाताची मूळनलिका (रूट कॅनाल) भरण्याच्या सिमेंटमधील सुधारणांसाठी ते विशेष ओळखले जातात.

१९२३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून पदवी घेऊन पुढे त्यांनी तेथेच अध्यापन केले. त्या काळी निर्जीव दात अन्य रोगांचे उगमस्थान मानून सर्रास उपटले जात. ग्रॉसमन यांचा भर दात वाचवण्यावर होता. त्यासाठी गट्टापर्चा आणि नलिकेची भिंत यांमधील फट सिमेंटने पूर्ण बुजणे आवश्यक होते.

त्यांच्या १९३६ च्या सिमेंटमध्ये चांदीची भुकटी होती. क्ष-किरण चित्रात ती स्पष्ट दिसे, पण तिच्यामुळे दात काळवंडत. पुढच्या दातांत हा दोष लपणारा नव्हता. १९५८ च्या सूत्रातून त्यांनी चांदी वगळली. झिंक ऑक्साइड व राळेच्या जोडीला बेरियम सल्फेट आणि बिस्मथ सबकार्बोनेट आले. अत्यल्प सोडियम बोरेटमुळे मिश्रण सावकाश घट्ट होई, त्यामुळे भरण अपुरे दिसल्यास ते त्याच बैठकीत दुरुस्त करता येई. ही भुकटी लवंगतेलातील युजेनॉलमध्ये काचेच्या तुकड्यावर घोटतात. पात्याने उचलताना सुमारे एक इंच तार न तुटता निघाली की मिश्रण योग्य समजले जाते. राळेचे कण जाडसर असल्याने घोटणे अपुरे झाल्यास एखादा कण नलिकेत अडकून गट्टापर्चा जागेवर बसत नाही, ही या सिमेंटची उणीव.

त्यांच्या १९४० मधील पाठ्यपुस्तकाच्या सुधारित आवृत्त्या भारतातील दंतवैद्यक विद्यार्थी आजही वापरतात.