माकडाकडून आलेला ‘आरएच’

रक्तगटाच्या कार्डावर ‘ए’, ‘बी’ किंवा ‘ओ’च्या पुढे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हेही लिहिलेले असते. त्या पुढच्या शब्दामागे एक माकड आहे आणि सत्तरीच्या घरातले एक डॉक्टर, कार्ल लँडस्टायनर.

व्हिएन्नाजवळ १८६८ मध्ये जन्मलेले लँडस्टायनर वैद्यकाची पदवी घेऊनही रसायनशास्त्रातच अधिक रमले. माणसांचे रक्तगट त्यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. त्याचे नोबेल मिळायला १९३० साल उजाडले. मधल्या काळात महायुद्धाने व्हिएन्नाची दैना केली होती. ते आधी हॉलंडला आणि तिथून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत गेले.

त्यांची पद्धत सोपी होती. एका प्राण्याच्या तांबड्या पेशी दुसऱ्याला टोचल्या, की त्याचे शरीर त्या पेशींच्या आवरणावरील परक्या रेणूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे तिसऱ्याच्या रक्तात मिसळायची. पेशींच्या गुठळ्या झाल्या, तर तसाच रेणू तिथेही आहे असे समजायचे. फिलिप मिलर यांच्यासह १९२५ मध्ये त्यांनी माणूस, वानर आणि माकडे यांचे रक्त असे ताडून पाहिले. चिंपांझीचे नाते माणसाशी जवळचे निघाले, माकडांचे लांबचे.

पुढे अलेक्झांडर वीनर यांच्यासोबत त्यांनी ऱ्हिसस माकडाच्या पेशी ससे आणि गिनीपिग यांना टोचल्या. त्यातून मिळालेल्या प्रतिपिंडांनी न्यूयॉर्कमधल्या शंभरातल्या सुमारे ८५ गोऱ्या लोकांच्या रक्तात गुठळ्या केल्या, उरलेल्यांच्या रक्तात नाही. हा शोध १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. गट जुळूनही काहींना दिलेले रक्त का बाधते, काही बाळे पोटातच का दगावतात किंवा जन्मताच काविळीने का जातात, या जुन्या कोड्यांना त्याने वाट मिळाली. लँडस्टायनर यांचे एकेकाळचे सहकारी फिलिप लेव्हिन यांनी अशाच एका मातेच्या रक्तातले प्रतिपिंड वर्षभर आधी नोंदवले होते, पण त्याला नाव दिले नव्हते. श्रेय कुणाचे, यावर लेव्हिन आणि वीनर यांचे पुढे वर्षानुवर्षे वाजले.

गंमत अशी, की सशाचे प्रतिपिंड आणि मातेचे प्रतिपिंड एकाच प्रथिनावर बसत नव्हते. माकडाशी सामाईक असलेले प्रथिन वेगळे, ‘डी’ या प्रथिनाला लागून असणारे आणि पॉझिटिव्ह पेशींवर जास्त आढळणारे. म्हणून दोन्ही चाचण्या जवळपास सारखे उत्तर देत. हे उलगडेपर्यंत ‘आरएच’ नाव इतके रुळले होते, की ते बदलले नाही. माकडाच्या त्या प्रथिनाला ‘एलडब्ल्यू’ म्हणतात: लँडस्टायनर आणि वीनर. नाव सुचवले लेव्हिन यांनीच.

लँडस्टायनर यांना हे पाहायला मिळाले नाही. जून १९४३ मध्ये प्रयोगशाळेतच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि दोन दिवसांनी ते गेले. अँटी-डी इंजेक्शन १९६८ मध्ये वापरात आले. निगेटिव्ह मातेचे बाळ पॉझिटिव्ह असेल, तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत ते द्यावे लागते. गर्भपात झाला तरीही त्याबद्दल डॉक्टरांना लगेच विचारायचे असते.