पाच पौंड उसने घेतले अन् खेळण्यातली रेल्वे घराघरात नेली, असा हा फ्रँक हॉर्नबी

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात वाफेचं जुनं इंजिन ठेवलंय. असलं इंजिन घरातल्या टेबलावर पळवायचं वेड ज्यांनी लावलं, त्यातलं मोठं नाव म्हणजे फ्रँक हॉर्नबी.

१८६३ साली लिव्हरपूलमध्ये जन्म. इंजिनिअरिंग शिकलेला नव्हता, नोकरी हिशेबनीसाची. आपल्या मुलांसाठी तो पत्र्याच्या पट्ट्या नट-बोल्टने जोडून खेळणी बनवायचा. मालकाकडून पाच पौंड उसने घेऊन १९०१ मध्ये त्याने त्याचं पेटंट घेतलं. तेच पुढे मेकॅनो झालं.

१९२० मध्ये त्याने चावीची रेल्वे आणली. तीही नट-बोल्टची, मुलांनी खोलून पुन्हा जोडावी अशी. १९२५ मध्ये विजेवरची आली. १९३६ मध्ये हॉर्नबी वारला. १९६४ मध्ये कंपनी दुसऱ्यांच्या हातात गेली, नाव मात्र टिकलं.

आज हौशी लोक त्याच नावाची स्वस्त इंजिनं खोलतात. मोटर आणि रुळांचा थेट संबंध तोडून मध्ये डिकोडर बसवतात, छोटा स्पीकर जोडतात. मग रुळांतून आलेला हुकूम त्याच नंबरचं इंजिन ऐकतं, शिट्टीसुद्धा मारतं.

डिकोडर यायच्या कितीतरी आधी हॉर्नबी गेला. पण खेळणं खोलून स्वतः बदलायची सवय मुलांना त्याच्याच पट्ट्यांनी लावली होती.