रेव्हरंड नारायण वामन टिळक : उपासनेला मराठी चाल देणारे कीर्तनकार

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याची वेस ओलांडली की नगर जिल्हा सुरू होतो. १९४८ पर्यंत ही वेस म्हणजे दोन राज्यांची सीमा होती. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, पलीकडे इंग्रजांचा मुंबई इलाखा. माणसांना व मालाला तेथे अडविले जाई. गाण्याला मात्र जकातनाका नसतो. मराठी ख्रिस्ती वस्त्यांवर टाळ-मृदंगाच्या साथीने जी भजने आजही म्हटली जातात, त्यांतील कित्येकांची निर्मिती नगरकडची आहे आणि त्यांच्या कर्त्यांचे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्याला शतक उलटून गेले आहे. गाणारे गातात, परंतु रचना कोणाची हे त्यांतील अनेकांना ठाऊक नसते.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे उचित ठरेल. टिळक कॅथलिक नव्हते. अमेरिकन मराठी मिशनच्या प्रॉटेस्टंट मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला व त्याच मंडळीत त्यांनी सेवा केली. तथापि मराठी भाषेत प्रभूची स्तुती करताना आपण सर्वजण त्यांचे ऋणाईत आहोत, आणि ऋण फेडताना पंथ पाहावयाचा नसतो.

आपल्या जिल्ह्याला तर हे वेगळे सांगण्याची गरज नाही, कारण पदे रचून ती गाण्याची परंपरा येथील मातीत फार जुनी आहे. अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१-१६१५) यांनी निरनिराळ्या रागांत पदे रचली. त्याच काळात गोव्यातील साष्टी प्रांतात येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स (१५४९-१६१९) ओवी छंदात ‘ख्रिस्तपुराण’ लिहीत होते. ते १६१६ साली राशोल येथे छापून प्रसिद्ध झाले. एक दत्तभक्त, दुसरा इंग्लंडमध्ये जन्मलेला धर्मगुरू. दोघेही एकाच काळात, एकाच भाषेत, देशी छंदांत आपापली भक्ती मांडत होते. पुढे पोर्तुगीज अमदानीत देशी भाषेची गळचेपी झाली आणि फादर स्टीफन्स यांनी उघडलेली वाट गवताने झाकली गेली. ती वाट जवळजवळ तीनशे वर्षांनी, दुसऱ्याच दिशेने येऊन, टिळकांनी पुन्हा चालती केली.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आई जानकीबाई त्यांच्या बालपणीच निवर्तल्या. वडील वामनराव कडक स्वभावाचे होते. आईविना पोरका झालेला हा मुलगा नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. इंग्रजी शाळेत तो फार काळ टिकला नाही. १८८० साली नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक होत.

त्यानंतरची दहा-बारा वर्षे भटकंतीची आहेत. कोठे शिक्षक, कोठे छापखान्यात कामगार, कोठे पुराणिक, कोठे कीर्तनकार. चरित्रकार हा काळ बहुधा अस्थिर वृत्तीची साक्ष म्हणून घाईने उरकतात. मला मात्र तो अत्यंत मोलाचा वाटतो. देवळाच्या ओसरीवर उभे राहून शे-दोनशे माणसे तीन तास खिळवून ठेवावयाची, तर नुसती विद्वत्ता पुरत नाही. नारदीय कीर्तनाची बांधणीच कसोटी पाहणारी असते. प्रथम नमन, मग पूर्वरंगात एखादे पद घेऊन त्याचे निरूपण, मध्ये नामाचा गजर, आणि उत्तररंगात आख्यान. कीर्तनकाराला गाता आले पाहिजे, बोलता आले पाहिजे, आणि श्रोत्यांचे लक्ष ढळू लागताच चाल बदलता आली पाहिजे. हे शिक्षण कोणत्याही सेमिनरीत मिळत नाही. पुढे नगरच्या सेमिनरीत शिकविण्यास गेलेले टिळक हे शिक्षण आधीच घेऊन गेले होते.

१८९१ च्या सुमारास ते नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या कामात होते. ‘ऋषी’ नावाचे मासिकही त्यांनी चालविले. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. त्या गृहस्थाने नवा करार त्यांच्या हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. त्या गृहस्थाचे नाव टिळकांना शेवटपर्यंत कळले नाही. पुस्तक वाचण्याचे वचन मात्र त्यांनी पाळले. डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या निर्णयाची किंमत घरातील माणसांनी मोजली, हे सांगितल्याखेरीज पुढे जाणे योग्य नाही. लक्ष्मीबाईंना न कळविता घेतलेला हा निर्णय होता. पदरी लहानगा दत्तू, समाजाची कुजबुज, आणि पती जिवंत असून नसल्यासारखा. काही काळ त्या पंढरपुरात नातलगांकडे राहिल्या. जवळजवळ पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नगरला पतीकडे आल्या आणि १९०० साली, स्वतः विचार करून, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या थोरवीविषयी लिहिणाऱ्याने ही पाच वर्षे गाळू नयेत. लक्ष्मीबाईंनीही ती गाळलेली नाहीत. उलट हसत हसत सांगितली आहेत, आणि म्हणूनच ती वाचताना अधिक लागतात.

टिळक नगरला आले तेव्हा नगर, राहुरी, नेवासे या भागांतील ख्रिस्ती मंडळी झपाट्याने वाढत होती. १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांनी दख्खन होरपळून निघाले होते. मंडळीत आलेले बहुसंख्य लोक पूर्वाश्रमीचे महार व मातंग समाजातील होते. जात्यावरच्या ओव्या, अभंग, हलगी-सनईचे सूर, लग्नातील गाणी हेच त्यांचे संगीत. उपासनेत मात्र त्यांच्यापुढे पाश्चात्त्य चालींवर बसविलेली भाषांतरित गीते येत.

चाल परकी असली तर काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. मोठ्या अभंगाच्या चौकात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे व चौथा चार अक्षरांचा. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांच्या शेवटी येते आणि शेवटचा आखूड चरण गाणाऱ्याला श्वास घेण्यास व टाळकऱ्यांना उचल करण्यास जागा देतो. निरक्षर माणूसही तो दोनदा ऐकून म्हणू लागतो, कारण पुढचा शब्द कोठे पडणार हे त्याच्या कानाला ठाऊक असते. इंग्रजी चालीत जोर स्वराघातावर. तीत मराठी शब्द बसविताना ऱ्हस्वाचे दीर्घ होते, शब्द मध्येच तुटतो, आणि अर्थ हरवून केवळ सूर उरतो. असे गीत मंदिरात पुस्तक उघडून म्हटले जाते. शेतात, मोटेवर, जात्यावर ते सोबत येत नाही. भाविकाची उपासना मग रविवारच्या एका तासापुरती उरते.

कीर्तनाचे माध्यम ख्रिस्ती मंडळीत आणण्याचे श्रेय एकट्या टिळकांना देणे अन्यायाचे होईल. नगरच्या मंडळीत त्यांच्यापूर्वीच कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या गायकांनी ख्रिस्तचरित्रावर कीर्तने करण्यास आरंभ केला होता. टिळकांनी त्या प्रवाहाला काव्याची खोली दिली. तुकोबांचा अभंग त्यांच्या रक्तात भिनलेला होता. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानीत, आणि तो पूल मागे पाडून टाकावा असे त्यांना कधी वाटले नाही. मराठी ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची दोनशेहून अधिक गीते आहेत. ‘अभंगांजली’ तर नावापासूनच वारकरी वळणाची आहे. त्यांच्या भजनांत प्रभू येशू गुरू आहे, सखा आहे, माउली आहे. देवाला आई म्हणण्याची मराठी मनाची ओढ त्यांनी निःशंकपणे उपासनेत आणली.

याला विरोध झाला नाही असे नाही. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाने टाळ हाती घेतला तर तो मागे वळतो आहे की काय, अशी शंका काही मिशनऱ्यांना येई. आणि खुद्द मंडळीतील काहींनाही जुन्या धर्माची आठवण करून देणारे सूर नकोसे वाटत. या शंकेला मी पूर्णतः निराधार म्हणणार नाही. ज्या देवळाच्या पायरीवरही उभे राहू दिले गेले नाही, तेथील कीर्तनाची चाल ऐकून एखाद्या वृद्ध दलित ख्रिस्ती भाविकाला काय वाटत असेल, याचा विचार करावयास हवा. टिळकांची भाषा संस्कृतप्रचुर, त्यांचे कीर्तन नारदीय वळणाचे. मंडळीतील बहुसंख्यांची हलगी त्यांच्याही उपासनेच्या उंबरठ्याबाहेरच राहिली, हे आज जाणवते. अभंगाचे मात्र तसे नाही. तो चोखामेळ्याचाही होता, आणि म्हणूनच भजन वस्तीवर रुजले.

असे पेच केवळ आपल्याकडचेच नाहीत. आयर्लंडसारख्या कॅथलिक देशात १९३५ साली सार्वजनिक नृत्यगृहांविषयीचा कायदा झाला. धर्मगुरूंच्या पाठिंब्याने आलेल्या त्या कायद्यानंतर चव्हाट्यावर व घराघरांत होणाऱ्या पारंपरिक वादन-नर्तनाच्या मैफलींवर गदा आली. नीती राखण्याच्या भरात पिढ्यान्‌पिढ्यांचे सूर गमावण्याची वेळ आली होती. ते पुष्कळसे वाचले, याचे कारण कॉर्क परगण्यातून स्थलांतर करून शिकागोचा पोलीस प्रमुख झालेल्या फ्रान्सिस ओनील यांच्यासारखी माणसे. त्यांनी आपल्या देशबांधवांच्या तोंडून ऐकलेल्या १,८५० चाली १९०३ साली ग्रंथरूपाने छापल्या. टिळक नगरला भजने रचीत होते तीच ही वर्षे.

१९०४ साली टिळकांची पाळक म्हणून दीक्षा झाली. १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून मराठी साहित्यात त्यांना मिळालेले स्थान सर्वश्रुत आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे म्हणजेच बालकवी काही काळ त्यांच्या घरी मुलासारखे राहिले, हेही साहित्याच्या वाचकांना ठाऊक असेल. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य त्यांनी आरंभिले, परंतु त्यांच्या हातून थोडेच अध्याय झाले.

१९१७ साली, वयाच्या छप्पनाव्या वर्षी, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. घरात पुंजी नव्हती, प्रकृतीही धड नव्हती. साताऱ्यास राहून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा झालेले व न झालेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, भजनाने व सेवेने बांधले जावेत, ही त्यामागची कल्पना. आपल्या धर्मसिद्धान्तांच्या दृष्टीने तीत प्रश्न उभे राहतात आणि ते मोडीत काढण्यासारखे नाहीत. बाप्तिस्मा ही ऐच्छिक बाब नव्हे. पण पगारी उपदेशकाचे शब्द लोक कोणत्या कानाने ऐकतात, हे जाणून भाकरीवर पाणी सोडणाऱ्या माणसाची तळमळ खरी होती. दीड-दोन वर्षेच हे कार्य चालले. मुंबईत त्यांचा अंत झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी देऊन अस्थी नगरला नेण्यात आल्या.

ते हयात होते त्या काळी आपल्या कॅथलिक मंदिरांत मिस्साबलिदान लॅटिनमध्येच होत असे. मराठवाड्यात, घोगरगावच्या बाजूस, फ्रान्समधून आलेले धर्मगुरू तेव्हा कार्य करीत होते. वेदीवरील भाषा त्यांच्याही हाती नव्हती. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा असे त्यात नमूद केले. मराठी मिस्सा सुरू झाल्यावर देशी चालींचा शोध सुरू झाला, तेव्हा टिळकांची भजने तयारच होती. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन होऊन बीड जिल्हा त्यात आला, तोवर पेटी, तबला व टाळ मंदिरात रूळले होते. पेटीचीही गंमतच आहे. हे वाद्य मूळचे फ्रान्समधील. पाश्चात्त्य चालीसाठी आलेले, आणि अखेरीस कीर्तनकारांनीच आपलेसे केलेले.

टिळकांच्या पश्चात लक्ष्मीबाई स्वस्थ बसल्या नाहीत. अक्षरओळखीपासून सुरुवात केलेल्या या स्त्रीने पतीचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले आणि उरलेले अध्याय ओवीतच रचून ते पूर्ण केले. त्या स्वतः कीर्तनालाही उभ्या राहत. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या निवर्तल्या. पूर्ण झालेले ‘ख्रिस्तायन’ त्यानंतर, १९३८ साली, प्रसिद्ध झाले.