उद्याचे पाणी

परमेश्वर आपल्या भक्ताचा योगक्षेम वाहतो, ही श्रद्धा मराठी घराला नवी नाही. सुखाच्या दिवसांत ती सहज ओठांवर येते. तिची कसोटी लागते ती घरातील धान्य संपल्यावर. आजच्या नाताळच्या मंगल दिवशी, हीच श्रद्धा ख्रिस्तचरणी वाहिलेल्या आणि पुन्हा पुन्हा कसोटीस उतरलेल्या पंडिता रमाबाईंचे स्मरण उचित ठरेल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या अरण्यातील गंगामूळ येथे झाला. हे स्थान आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान. पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांनी लोकांचा रोष सोसला. त्याच मातेने पुढे रमाबाईंना विद्यादान केले. संपत्ती गेल्यावर हे कुटुंब तीर्थक्षेत्री पुराणे सांगत पायी हिंडू लागले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे द्रव्य व्रते आणि दानधर्म यांत सरले. मोलमजुरीची सवय नाही, याचना करण्यास मन धजत नाही, अशा स्थितीत रानचा पाला खाऊन दिवस काढावे लागले. प्रथम वडील गेले, काही आठवड्यांत आई गेली, पुढे थोरली बहीणही गेली. आईच्या अंत्ययात्रेला पुरेसे खांदेकरी मिळेनात, तेव्हा कोवळ्या वयाच्या रमाबाईंनी, उंची पुरेना म्हणून, आपल्या वाट्याचा भार मस्तकावर घेतला.

उरलेल्या बंधूसह शेकडो कोस चालून त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्यांनी गौरविले. परंतु १८८० मध्ये बंधू वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ मध्ये पटकीने पतीलाही नेले. तेविसाव्या वर्षी, कडेवर मनोरमा ही तान्ही मुलगी घेऊन, रमाबाई एकाकी झाल्या.

पुण्यात आर्य महिला समाज स्थापून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची ख्रिस्ती भगिनी मायेने सेवा करताना त्यांनी लंडनमध्ये पाहिले. या सेवेच्या मुळाशी काय आहे, याचा शोध घेताना विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा त्यांच्यापुढे आली. लोकांनी हिणविलेल्या त्या स्त्रीशी येशू आदराने बोलला होता. हा प्रसंग त्यांच्या अंतःकरणाला भिडला. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वैद्यकीचे शिक्षण घेण्याचा त्यांचा मनोदय मात्र बहिरेपणामुळे सोडावा लागला.

अमेरिकेतील हितचिंतकांनी दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केल्यावर, १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. तेथील मुलींचा ख्रिस्ती धर्माकडे ओढा वाढत असल्याच्या आरोपावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. त्या वादाच्या दोन्ही बाजूंस पोटतिडीक होती. रमाबाईंनी मात्र ना आपला विश्वास लपविला, ना कार्य सोडले.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ती वार्ता ऐकताच त्यांना आपले उपाशी बालपण आठवले. पैशाची तरतूद होण्याची वाट न पाहता त्या निघाल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. म्हणून सोलापूरच्या लोहमार्गावरील केडगाव येथे, आधीच घेतलेल्या शेतजमिनीवर, त्यांची सोय केली. तेच 'मुक्ती'. १८९८ मध्ये अमेरिकेतील साहाय्याची दहा वर्षांची मुदत संपली, तरी १८९९-१९०० च्या गुजरातेतील दुष्काळात त्यांनी आणखी शेकडो जणींना आणले. कोणतेही ठराविक उत्पन्न एवढ्या कुटुंबाला पुरणारे नव्हते.

त्या वर्षीची एक हकीकत रमाबाईंनी लिहून ठेवली आहे. आश्रमात सुमारे १,९०० माणसे, शिवाय गुरे, भाजीचा मळा, चाललेली बांधकामे. आणि पाण्याला दोन विहिरी. दिवसभराच्या उपशाने त्या कोरड्या पडत. उद्याचे काय, हा प्रश्न रोज संध्याकाळी उभा राही. प्रार्थना होई, आणि सकाळी झरे पुन्हा पाणी देत. वर्षभराचा साठा त्यांना कधीच दिसला नाही. त्या त्या दिवसापुरते मिळत गेले.

या विश्वासाने त्यांना स्वस्थ बसविले नाही. मुक्तीत शेती, विणकाम, छापखाना चालला. अंध मुलींना वाचण्यास शिकविले गेले. लहानपणी उपासमारीतही श्रमाची लाज आड आली होती. येथे प्रत्येक मुलीच्या हाताला काम दिले. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सामान्य स्त्रीलाही कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर चालविले. १९२१ मध्ये मनोरमाही निवर्तली. ज्या लेकीच्या हाती कार्य सोपवावयाचे, तीच गेली. तरीही जवळजवळ संपूर्ण बहिरेपण आणि जर्जर प्रकृती यांच्याशी झुंजत त्यांनी भाषांतर पुरे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभुचरणी विलीन झाल्या.

प्रभूने त्यांचे दुःख टाळले, असे हे चरित्र सांगत नाही. एकेक आधार तुटत असताना त्यांनी आपले दार मात्र कोणाला बंद केले नाही. उद्याची चिंता देवावर सोपवावी आणि आज दारी आलेल्या तहानलेल्याला पाणी द्यावे, एवढाच त्यांच्या निष्ठेचा अर्थ होता. कोणत्याही देवघरासमोर हात जोडणाऱ्याला तो आपला वाटेल.